किलो मोजून झाले, आता पोरं मोजा

पोस्ट मोठी आहे. चहा टाका, बसा, पण शेवटपर्यंत वाचा. अर्धवट वाचून कमेंटमध्ये पक्ष घेऊन येणाऱ्यांना आधीच रामराम.

एमडीची बातमी आपल्याकडे कशी येते ते बघा. टेबलावर पांढऱ्या पावडरच्या पिशव्या, मागे तोंडावर बुरखा घातलेले दोघं-तिघं, त्यांच्या मागे साहेब लोक. मथळ्यात दोनच आकडे, किलो आणि कोटी. दुसऱ्या दिवशी विरोधक राजीनामा मागतात, तिसऱ्या दिवशी सत्ताधारी 'एकालाही सोडणार नाही' म्हणतात आणि चौथ्या दिवशी आपण सगळे क्रिकेटच्या स्कोअरकडे वळतो.

कुरकुंभ आठवतंय ना? फेब्रुवारी २०२४. पुण्यात सोमवार पेठेत थोडा माल सापडला, धागा विश्रांतवाडीच्या गोदामात गेला आणि तिथून थेट आपल्या दारात, कुरकुंभ एमआयडीसीत. पुढे सांगलीचं कुपवाड, पुढे दिल्ली. एकूण माल १७०० किलोच्या आसपास, किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर सांगितली गेली. त्याच्या चार महिने आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, नाशिकजवळच्या शिंदे गावात कारखाना सापडला होता. सोलापूरजवळ चिंचोली एमआयडीसीत सापडला होता. ससूनमधून आरोपी पळाला तोही त्याच महिन्यात. मग २०२५ मध्ये तुळजापूर.

आता नकाशावर बोट फिरवा. पुणे, कुरकुंभ, सोलापूर, तुळजापूर. मधे कोण येतं? आपण. तरीही आपल्या पारावर अजून चर्चा चालते की 'हे सगळं मुंबईच्या पबमधलं, बड्या बापाच्या पोरांचं काम'.

१७०० किलो म्हणजे १७ लाख ग्रॅम. कायद्याच्या हिशोबात एमडीची 'अल्प मात्रा' २ ग्रॅम आणि 'व्यावसायिक मात्रा' ५० ग्रॅम. म्हणजे ज्या मालाचं वजन ग्रॅममध्ये करायचं, तो टनाने बनत होता. आणि हा पकडलेला. न पकडलेला कुठं गेला? तो कुणाच्या तरी नाकात गेला.

माझं भांडण इथंच आहे. पोलिसांनी किलो मोजले, पुढाऱ्यांनी कोटी मोजले, ससूनमधून पळालेल्या त्या आरोपीचं नाव शाळेतल्या पोरांनाही पाठ झालं. पण ही पावडर नाकात गेल्यावर माणसाच्या डोक्याचं आणि शरीराचं काय होतं, हे घराघरात कुणी सांगितलं नाही. म्हणून एमडी घरात शिरलं तरी घर त्याला ओळखत नाही. आणि ओळखत नाही म्हणून दवाखाना सोडून भलत्याच दारात जातं. पोरं तिथं हातची जातात.

म्हणून आज कोटी बाजूला ठेवू आणि पावडरबद्दल बोलू.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. 'म्याऊ म्याऊ' म्हणतात तेही हेच. आफ्रिकेत आणि येमेनकडे 'खात' नावाच्या झुडपाची पानं चघळतात. त्या पानात कॅथिनोन नावाचं द्रव्य असतं. मेफेड्रोन हा त्याचा कारखान्यात बनवलेला चुलतभाऊ. पहिल्यांदा १९२९ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं, मग लोक विसरले. अलीकडे पुन्हा वर आलं. ब्रिटनमध्ये तर पाकिटावर 'झाडांचं खत, माणसांनी खाऊ नये' असं छापून राजरोस विकायचे. तिथे एप्रिल २०१० मध्ये बंदी आली. आपल्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत हे नाव आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. म्हणजे त्याआधी पकडलं तरी या कायद्याचं कलम लावायची पंचाईत.

आमच्या लहानपणी गर्द होतं. ब्राऊन शुगर. पुण्यात १९८६ साली 'मुक्तांगण' उभं राहिलं ते त्या काळात. गर्दुल्ला म्हटलं की चित्र डोळ्यापुढं यायचं: पेंगुळलेला, मळका, कोपऱ्यात पडलेला. आपल्या आई-वडिलांच्या डोक्यात नशेबाजाचं तेच चित्र अजून बसलंय. आणि तिथंच घात होतोय.

कारण एमडी घेतलेलं पोरगं सुरुवातीला बरोब्बर उलटं दिसतं. टवटवीत. बोलकं. कामाला वाघ. रात्रभर जागून अभ्यास करतं, गणपतीत पाच-पाच तास ढोल वाजवतं, गाडी घेऊन एका दमात लांबची ट्रिप मारून येतं. वजन उतरतं, तर म्हणतं जिम लावलीय. तोंडाला वास नाही, पाय लटपटत नाहीत. आई म्हणते, दारू नाही ना, मग देवाची कृपा. आणि पोरगंही स्वतःला तेच सांगतं, 'दारूपेक्षा बरं'.

बरं कशाला म्हणायचं? ही पावडर मेंदूतलं डोपामिन आणि सिरोटोनिन एकदम बाहेर ओतते. आनंद, उत्साह, जवळीक, सगळं एका झटक्यात. महिन्याचा पगार एका रात्रीत उडवल्यासारखं. दोन-तीन तासांत असर उतरतो आणि मन खड्ड्यात जातं. त्या खड्ड्यातून वर यायला परत एक ओळ. मग परत एक. दारूडा निदान झोपतो. हा झोपत नाही. एक रात्र, दोन रात्री, तीन रात्री.

तिसऱ्या रात्रीनंतर डोकं फिरायला लागतं. शब्दशः सांगतोय.

मोबाईलमधून कुणीतरी ऐकतंय. पंख्यात कॅमेरा बसवलाय. समोरच्या टपरीवरचा माणूस माझ्यावरच पाळत ठेवतोय. बायको त्यांना सामील आहे. जेवणात काहीतरी कालवलंय. खिडकीला चादर लावायची, दाराला आतून कुलूप, उशीखाली सुरा. कातडीखाली किडे फिरताहेत असं वाटून अंग रक्त येईपर्यंत ओरबाडायचं. कानात आवाज येतात, नाव घेऊन शिव्या देतात. डॉक्टर याला सायकोसिस म्हणतात. त्या पोराला हे खोटं वाटत नाही. तुम्हाला आत्ता हातातला मोबाईल जितका खरा वाटतो, तितका त्याला तो कॅमेरा खरा वाटतो. म्हणून 'अरे असं काही नाही' म्हणून समजूत घालता येत नाही, आणि दोन मुस्काटात मारूनही ते जात नाही.

आपल्याच तालुक्यातली एक मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, पोरगं आठ दिवस रात्रभर गच्चीवर बसून पहारा देत होतं. आम्हाला वाटलं, चला, घराची काळजी करायला लागलं." नवव्या दिवशी त्याने सख्ख्या चुलत्यावर कोयता उगारला. मग लिंबू उतरवलं, अंगारा लावला, अमावस्येची वाट बघितली. डॉक्टरकडं नेलं ते तीन आठवड्यांनी. या बाई अडाणी नाहीत. बचत गट चालवतात, बँकेचे व्यवहार करतात. पण या आजाराचं असं रूप असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, तर त्यांनी ओळखायचं कशावरून?

ही अवस्था बहुतेकांची पावडर थांबली, झोप लागली आणि वेळेवर औषध मिळालं की काही दिवसांत, काही आठवड्यांत निवळते. पण काहींची निवळत नाही. विशेषतः घराण्यात कुणाला मानसिक आजार असेल, वय कोवळं असेल, किंवा वारंवार घेतलं असेल, तर आजार मुक्कामाला राहतो. पोरगं पावडर सोडतं, पण आवाज त्याला सोडत नाहीत.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. पावडर बंद झाल्यावरचे दिवस धोक्याचे असतात. मेंदूतला साठा रिकामा झालेला असतो. पोरगं सुन्न पडून राहतं, जेवत नाही, रडतं, 'माझ्यात काही राहिलं नाही' म्हणतं. घरचे म्हणतात सुटलं एकदाचं, आणि निर्धास्त होतात. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार नेमके याच दिवसांत येतात. त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नका. आणि 'असं काही मनात येतंय का?' असं सरळ विचारा. विचारल्याने विचार वाढत नाहीत, पोरगं बोलायला लागतं.

आता शरीराचं. नाडी पळते, रक्तदाब चढतो, छातीत दुखतं. पंचविशीतल्या पोराच्या छातीत दुखलं की आपण म्हणतो गॅस झाला. अंग तापतं. साधा ताप नाही हा, शरीराची आतली भट्टीच बिघडते. वर डीजेपुढं चार तास नाच, घामाच्या धारा, पोटात दारू. ताप फार चढला की स्नायू तुटायला लागतात आणि त्यांचा कचरा किडनीत अडकतो. काही जण तहान म्हणून बादलीभर पाणी पितात, तर रक्तातलं मीठ एकदम कमी होऊन झटके येतात. नाकातून रक्त, दात खाऊन खाऊन जबडा दुखणं, वजन अर्धं होणं हे तर रोजचंच. त्यात पुडीत एमडीच आहे की आणखी काय कालवलंय, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

गर्दच्या ओव्हरडोसवर उतारा म्हणून इंजेक्शन आहे, गर्द सोडवायला पर्यायी गोळ्याही आहेत. एमडीवर असा उतारा नाही आणि अशी पर्यायी गोळीही नाही. अंग थंड करायचं, शांत करणारी औषधं द्यायची, सलाईन, ईसीजी, नजर ठेवायची. म्हणजे वेळेवर दवाखान्यात पोचणं हाच उतारा. आणि आपण नेमकं तिथंच पोचत नाही.

मग पोचतो कुठं?

पहिलं दार देवऋषीचं. 'बाहेरचं झालंय', 'कुणीतरी करणी केलीय'. श्रद्धेवर मला बोलायचं नाही. देवाला नारळ फोडा, पण डॉक्टरकडून आल्यावर. भूत उतरवायच्या नावाखाली दोरखंडाने, साखळीने बांधून मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा राहू द्या, आधीच भट्टीसारखं तापलेलं, हृदय धाडधाड उडणारं पोरगं पत्र्याच्या खोलीत बांधून ठेवलं तर ते दोराशी झगडत राहतं. अंग आणखी तापतं. असं जीव जातो. मग लोक म्हणतात, झाडानं नेलं.

दुसरं दार लग्नाचं. 'जबाबदारी पडली की सुधारेल.' अरे, कुणाची पोरगी आणताय तुम्ही औषध म्हणून? ज्याला बायको शत्रूला सामील वाटते, त्याच्या खोलीत तिला ढकलताय.

तिसरं दार 'सेंटर'चं. भिंतीवर फोन नंबर रंगवलेला, डॉक्टरचा पत्ता नाही, चार पहिलवान गाडी घेऊन येतात आणि पोराला उचलून नेतात. सहा महिन्यांचे पैसे आधी घ्यायचे आणि भेट बंद. सगळी केंद्रं अशी नाहीत, चांगली माणसं चांगलं काम करतात. पण मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार स्पष्ट धरलेत. अशा रुग्णाला दाखल करून ठेवायचं तर त्या कायद्याखाली नोंदणी लागते. साखळीने बांधायला त्याच कायद्यात सक्त मनाई आहे. तेव्हा पैसे मोजण्याआधी नोंदणीचा कागद मागा आणि मानसोपचाराचा डॉक्टर कोण, कधी येतो ते विचारा. उत्तर देताना अडखळले तर पोराला घेऊन परत या.

चौथं दार लॅबचं. बाप हुशारी करतो, पोराची लघवी तपासून घेतो. रिपोर्ट निगेटिव्ह. पोरगं म्हणतं, बघा, उगाच संशय. अहो, ती साधी पट्टी गांजा, अफूवर्गातले पदार्थ असं ठरावीकच बघते. मेफेड्रोन त्यात बऱ्याचदा सापडतच नाही. कोरा रिपोर्ट म्हणजे कोरं पोरगं नव्हे.

आणि शेवटची भीती पोलिसांची. 'दवाखान्यात खरं सांगितलं तर केस होईल.' या भीतीने लोक डॉक्टरला सांगतात, दारू जास्त झाली, झोप नाही, टेन्शन आहे. डॉक्टर बिचारा अंधारात तीर मारतो. तर ऐका. एनडीपीएस कायद्यातलं कलम ६४-अ असं सांगतं की सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते. इतकं साधं आहे. हे कलम ठाण्याच्या दारात, दवाखान्याच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लावलेलं तुम्ही कुठं बघितलंय? मी नाही बघितलं. 'ड्रग्ज घ्याल तर जेलमध्ये जाल' हे मात्र जागोजागी आहे.

आता आपल्या कारभाऱ्यांकडं येतो.

दरवर्षी २६ जूनला अंमली पदार्थविरोधी दिन होतो. शाळेची पोरं उन्हात उभी, हातात फलक, साहेबांचं भाषण, शपथ, फोटो, वडापाव. 'से नो टू ड्रग्ज'. मान्य, म्हणतो नो. पण ज्याने गेल्या वर्षीच हो म्हटलंय त्याने कुठं जायचं? त्याच्यासाठी आपल्या तालुक्यात काय आहे? एमडी बनवायला जागा मिळते, एमडी आणायला हायवे आहे, एमडी घरपोच द्यायला पोरं आहेत. आणि एमडीने भ्रमिष्ट झालेलं पोरगं रात्री दोन वाजता न्यायचं म्हटलं, तर 'पुढं घेऊन जा'. पुढं म्हणजे कुठं? सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं महाराष्ट्रभर मिळून चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू आहे. तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? हात वर करा. दारूच्या दुकानाची वेळ मात्र सगळ्यांना पाठ आहे.

मला ठाऊक आहे, आता तीन प्रकारचे लोक कमेंटमध्ये येणार.

एक म्हणणार, 'असं लिहून गावाची बदनामी करू नका.' भाऊ, गावाची बदनामी पोस्टने होत नाही. गच्चीवर पहारा देणारं पोरगं शेजाऱ्यांना दिसतंच की.

दुसरा म्हणणार, 'विकणाऱ्यांना भर चौकात फाशी द्या.' व्यावसायिक मात्रेला दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी कायद्यात आधीच आहे. ती होऊ दे, तपास नीट होऊ दे, छोट्या पुडीवाल्याबरोबर कारखानेवालाही आत जाऊ दे. त्यासाठी मी तुमच्याआधी मोर्चात येतो. पण त्याला वीस वर्षं झाली तरी तुमच्या पोराच्या कानातले आवाज त्या निकालाने बंद होणार नाहीत. दोन्ही कामं करावी लागतील.

तिसरा म्हणणार, 'ही पोरंच नालायक, मरू द्या.' त्याला मी एवढंच विचारीन, स्वतःच्या पोराचं लॉक उघडून शेवटचं कधी बसून बोललात? मोबाईलचं लॉक म्हणत नाही मी.

मागण्या पाचच आहेत. आमदार, नगराध्यक्ष, आरोग्य अधिकारी, सगळ्यांनी वाचाव्यात. पोस्टमध्ये कुणाला टॅग करत नाही, वाचणारे वाचतातच.

१. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून निदान एक दिवस मानसोपचाराची ओपीडी. वार आणि वेळ बाहेर बोर्डावर.

२. रात्रपाळीच्या डॉक्टर-नर्सना एमडीचा रुग्ण कसा ओळखायचा आणि पहिल्या तासात काय करायचं, याचं प्रशिक्षण. शांत करायची औषधं आणि ईसीजी चोवीस तास हाताशी.

३. कलम ६४-अ साध्या मराठीत लिहून ठाण्यात, दवाखान्यात, कॉलेजात लावा.

४. तालुक्यातल्या सगळ्या 'सेंटर'ची नोंदणी तपासा आणि यादी जाहीर करा.

५. अशा किती रुग्णांवर उपचार झाले, याचा आकडा नावं गुप्त ठेवून दर तीन महिन्यांनी जाहीर करा. किलोचा आकडा देता ना, मग हाही द्या.

ओपीडी सुरू व्हायची तेव्हा होईल. तुमच्या घरात आज रात्री असं काही चालू असेल, तर तुमच्यासाठी थोडक्यात.

पोरगं दोन-तीन रात्री झोपलं नाही, भलतेच संशय घेतंय, अंग तापलंय, छातीत दुखतंय, झटका आला, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. त्याच्याशी वाद घालू नका, आवाज चढवू नका, गर्दी हटवा. कोयता-सुरी आधी नजरेआड करा. खोलीत हवा येऊ द्या, ओल्या फडक्याने अंग पुसा. बांधू नका. झटका येत असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. डॉक्टरला एमडीचं नाव सरळ सांगा. लाज नंतर वाटून घेऊ, जीव आधी.

बोलायचं असेल, नाव न सांगता विचारायचं असेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही सरकारी, दोन्ही फुकट. आणि विकणाऱ्याची माहिती द्यायची असेल तर १९३३.

पोस्ट शेअर करा, कॉपी करून गावाच्या ग्रुपवर टाका, माझं नाव नाही टाकलं तरी चालेल. फक्त कमेंटमध्ये कुणाच्या पोराचं नाव लिहू नका. ज्या आईला यातून काही विचारायचंय ती कमेंट करणार नाही, इनबॉक्समध्ये येईल. तिला येऊ द्या.